ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (४६२) : एकट्याने जाणाऱ्यांसाठी माहितीचा धागा

पाठपिशवी

४६२ बद्दलचे प्रश्न इथे चार धाग्यांवर विखुरलेत आणि उत्तरंही अर्धीमुर्धी आहेत. म्हणून सगळं एका जागी. जाणकारांनी भर घालावी, चुकेल तिथे कान धरावेत. खाली जिथे नुसतं 'डॉलर' म्हटलंय तिथे ऑस्ट्रेलियन डॉलर समजा.

भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात तरुण भारतीयांसाठी दरवर्षी १,००० वर्क अँड हॉलिडे व्हिसा ठरले होते. प्रत्यक्ष दार उघडलं १६ सप्टेंबर २०२४ ला. वय १८ ते ३०. पहिल्यांदा पाऊल ठेवल्यापासून बारा महिने राहता येतं. मधे कितीही वेळा बाहेर जाऊन परत या, पण बाहेर गेलेले दिवस वाढवून मिळत नाहीत. काम करता येतं, चार महिन्यांपर्यंत शिकता येतं. अर्जात जोडीदार किंवा मुलं जोडता येत नाहीत. नवराबायको दोघांना जायचं असेल तर दोघांनी आपापला नंबर लावायचा.

नंबर म्हणजे अक्षरशः चिठ्ठ्या. ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या इमीअकाउंट या साइटवर ऑनलाइन नोंदणी, फी २५ डॉलर, ती परत मिळत नाही. पहिल्या वर्षी नोंदणी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ अशी होती आणि त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांतच ४० हजारांवर नोंदी झाल्याचं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं होतं. तारखा दर वर्षी त्याच असतील असं धरून बसू नका, खात्याचं पान बघत राहा. पहिल्या दिवशी नोंदलं काय नि शेवटच्या दिवशी काय, चिठ्ठीला फरक पडत नाही. एका माणसाची एकच नोंद. नंबर नाही लागला तर नोंद त्या वर्षापुरती संपते, पुढच्या वेळी पुन्हा २५ डॉलर.

नंबर लागला तर ईमेल येतो आणि तिथून २८ दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा. खरी पळापळ इथे होते. इंग्रजीची परीक्षा, पदवीचे कागद, बँकेतले पैसे यातलं काहीही ईमेल आल्यावर सुरू करून २८ दिवसांत जेमतेम होतं किंवा होत नाही. नोंदणीच्या आधीच फाईल लावून ठेवा.

कागदोपत्री

नावाचं आधी बघा. भारतीयांना नोंदणीसाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड, दोन्ही लागतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं (किंवा नवऱ्याचं), आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं, पॅनवर फक्त स्वतःचं आणि आडनाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला आणि पॅन माहेरचं, हेही सर्रास. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायचं, आणि पॅन त्याच्याशी जुळवून घ्यायचं. पॅनची दुरुस्ती ऑनलाइन होते, फी किरकोळ आहे, पण नवं कार्ड यायला दोन-तीन आठवडे धरा.

पासपोर्ट सहा-आठ महिन्यांत संपत असेल तर नोंदणीच्या आधी नवा करून घ्या. नोंदणी एका नंबरवर आणि अर्ज दुसऱ्या नंबरवर अशी वेळ मुद्दाम कशाला आणायची?

शिक्षण : बारावीनंतर किमान दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण पूर्ण झालेलं हवं. पदवीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका एकत्र जोडा. विद्यापीठाच्या खिडकीवर तात्पुरत्या प्रमाणपत्राला किती दिवस लागतात हे इथे कुणाला सांगायला नको.

सेमीवाला

इंग्रजीबद्दल. आयईएलटीएसमध्ये चारही भागांची सरासरी ४.५ पुरते. म्हणजे अवघड नाही, पण कागद लागतोच. शाळेचं माध्यम सलग इंग्रजी होतं हे दाखवता आलं तर परीक्षेशिवाय भागण्याचा मार्ग आहे. मराठी माध्यम किंवा सेमी-इंग्रजीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. गणित-विज्ञान इंग्रजीतून झालं म्हणजे 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असं मुख्याध्यापक लिहून देतीलही, पण तिकडच्या अधिकाऱ्याने ते मानलं नाही तर फी गेली. परीक्षा द्या, केंद्रावर जाऊन द्या (घरबसल्या दिलेली चालत नाही), आणि निकाल अर्जाच्या तारखेला बारा महिन्यांपेक्षा जुना नको. त्यामुळे फार आधीही देऊन ठेवू नका.

गणपुले_हिशेबनीस

पैशाचं चित्र कुणी मांडलं नाही म्हणून.

व्हिसाची फी २०२४-२५ मध्ये ६५० डॉलर होती, १ जुलै २०२५ पासून ६७०. फी दर जुलैला थोडी सरकते. इंग्रजीची परीक्षा १७-१८ हजार रुपये. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये. बायोमेट्रिक आणि मेडिकलची सूचना अर्ज भरल्यावर येते. मेडिकल खात्याच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच होतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही.

शिवाय खात्यात ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाइतके पैसे दाखवायचे. रुपयांत तिकीट धरून साडेतीन लाख ठेवलेले बरे. इथे घोटाळा होतो तो असा : काकांकडून, मित्राकडून आठवड्यापूर्वी तीन लाख खात्यात वळवायचे आणि स्टेटमेंट काढायचं. एकदम आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याच्या डोळ्यात भरते आणि ती कुठून आली हे विचारलं जाऊ शकतं. वडिलांनी दिले असतील तर तसं सरळ पत्र जोडा, त्यांचं स्टेटमेंटही जोडा. तीन महिन्यांचा व्यवहार दिसणारं खातं सगळ्यात चांगलं. एफडी चालते, पण मोडता येण्याजोगी आहे हे बँकेच्या पत्रात यायला हवं.

आणि हे ५,००० नुसते दाखवायचे नाहीत, ते खरंच लागतात. हॉस्टेलच्या डॉर्ममधला बेड आठवड्याला २०० ते ३०० डॉलर. खोली भाड्याने घेतली तर साधारण चार आठवड्यांचं भाडं अनामत. पहिला पगार हातात यायला चार-सहा आठवडे सहज जातात.

प्रश्नार्थक

पुण्यातला एक एजंट ६० हजारांत 'नंबर लागण्याची हमी' देतोय. मैत्रिणीने भरायची तयारी केलीय. काय सांगू?

कागदोपत्री

सांगा की ६० हजारांत तिकडे चार-पाच आठवडे राहणं होतं. निवड संगणक करतो, त्यात एजंटचा हात पोचत नाही. पैसे घेऊन तो तोच २५ डॉलरचा फॉर्म भरणार, वर त्याचाच ईमेल पत्ता टाकणार, म्हणजे निवडीचं पत्र त्याच्याकडे जाणार आणि २८ दिवसांची दोरी त्याच्या हातात. नोंदणी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून. ऑस्ट्रेलियातला मायग्रेशन एजंट गाठायचाच असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक 'मारा' (मायग्रेशन एजंटांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) हिच्या सार्वजनिक यादीत तपासता येतो.

खुरपं

मी फक्त शेतीकामाबद्दल लिहितो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने 'ठराविक काम' करावं लागतं, तिसऱ्यासाठी दुसऱ्या वर्षात सहा महिने. दुसऱ्या-तिसऱ्याला चिठ्ठी नाही, म्हणून हे तीन महिने सोन्याचे. ४६२ साठी ठराविक काम म्हणजे शेती-पशुपालन, मासेमारी, वनशेती, बांधकाम, आपत्तीनंतरची दुरुस्ती, आणि उत्तर किंवा दुर्गम भागातलं हॉटेल-पर्यटन. खाणकाम ४१७ (ब्रिटन-आयर्लंडसारख्या देशांसाठीचा असाच दुसरा व्हिसा) वाल्यांना चालतं, ४६२ ला नाही. यूट्यूबवरचे ब्रिटिश-आयरिश पोरांचे व्हिडिओ ४१७ चे असतात, ते बघून गणित करू नका.

कोणतं गाव चालतं हे पोस्टकोडवर ठरतं, आणि प्रत्येक कामाची यादी वेगळी. केर्न्समधल्या कॅफेत कॉफी दिली तर दिवस मोजले जातात, सिडनीतल्या कॅफेत तेच काम केलं तर नाही. नोकरी घेण्याआधी मालकाच्या पत्त्याचा पोस्टकोड खात्याच्या यादीत स्वतः बघा. 'हो हो, इथे सगळ्यांना मिळतं' या उत्तरावर विसंबू नका.

आता मजुरी. १ जुलै २०२५ पासून किमान दर ताशी २४.९५ डॉलर, आणि कॅज्युअल (पगारी रजा नसलेल्या, लागेल तसं बोलावल्या जाणाऱ्या) कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१.१९. तोडणीत नगावर मजुरी देतात : पेटीमागे, बादलीमागे, 'बिन'मागे (मोठं खोकं). पूर्वी यात पोरं दिवसभर राबून ६० डॉलर घेऊन यायची. २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला : नगावर काम असलं तरी केलेल्या तासांना किमान तासाचा दर मिळालाच पाहिजे. शिवाय नगाचा दर असा ठरवावा लागतो की सरासरी हाताचा माणूस त्या किमान दरापेक्षा किमान १५ टक्के जास्त कमावेल. म्हणून किती वाजता रांगेत उतरलो, किती वाजता सुटलो हे रोज मोबाईलमध्ये लिहून ठेवा. 'नगावर काम आहे, तास कशाला लिहायचे' असं मुकादम म्हणाला तर तिथेच समजा.

मुकादम हा शब्द मुद्दाम वापरला. तिथे त्यांना लेबर हायर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेराच्या प्रदेशात त्यांना परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ऑनलाइन उघडी आहे. यादीत नाव नाही तर काम नाही. आपल्याच भाषेत बोलणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला म्हणून ही पायरी गाळू नका. रोखीचा आग्रह बऱ्याचदा तिथेच होतो.

पाठपिशवी

@खुरपं, पेस्लिपवर जरा विस्ताराने लिहा ना.

खुरपं

पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पेस्लिप देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर मालकाचं नाव, त्याचा एबीएन (व्यवसायाचा सरकारी नोंदणी क्रमांक), काळ, तास, दर, कापलेला कर, सुपर (मालकाने भरायचा निवृत्ती निधी) दिसायला हवं. दुसऱ्या व्हिसाच्या अर्जाला पेस्लिप आणि त्याच रकमा जमा झालेलं बँक स्टेटमेंट, दोन्ही जुळवून दाखवावं लागतं. रोख मजुरी घेतली तर ते दिवस सिद्ध करता येत नाहीत. राहण्या-जेवणाच्या बदल्यात फुकट केलेलं कामही १ डिसेंबर २०१५ पासून मोजत नाहीत. शेतावर असतानाच दर आठवड्याला पेस्लिपची प्रत स्वतःच्या ईमेलवर टाका. हंगाम संपला की कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागेलच असं नाही.

दुसरा सापळा : 'तू तुझा स्वतःचा एबीएन काढ, म्हणजे तुला जास्त मिळेल.' एबीएन काढला की तुम्ही कागदावर व्यावसायिक ठरता. किमान दर, सुपर, दुखापतीचा विमा, सगळं तुमच्या गळ्यात. तोडणी, पॅकिंग, भांडी, सफाई अशा कामाला कुणी एबीएन मागितला तर नाही म्हणा आणि फेअर वर्क ऑम्बड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी कार्यालयाकडे विचारा. तिथे दुभाष्याची सोय आहे. तक्रार केली म्हणून मालक व्हिसा रद्द करू शकत नाही, तो अधिकार फक्त खात्याला.

दिवसांची मोजणी : त्या उद्योगातल्या पूर्णवेळ कामगारासारखे आठवडे भरले तर सुट्ट्यांसकट तीन महिने, म्हणजे ८८ दिवस धरतात. आठवड्यातून दोनच दिवस काम मिळालं तर दोनच धरा. सोळा तास राबून एका दिवसाचे दोन होत नाहीत. पावसाने शेत आठवडाभर बंद राहतं, फळ उशिरा पिकतं, बेडचं भाडं मात्र चालूच राहतं. म्हणून तीन महिन्यांच्या कामाला चार-साडेचार महिने राखून ठेवा, आणि हे शेवटच्या चार महिन्यांवर ढकलू नका.

शिफ्ट_संपली

शहरातल्या कामाबद्दल थोडं.

उतरल्यावरचा क्रम : सिम, बँक, टीएफएन, मग कामं. बँक खातं पहिल्या सहा आठवड्यांत नुसत्या पासपोर्टवर उघडतं, नंतर ओळखीचे आणखी कागद मागतात. टीएफएन म्हणजे करासाठीचा क्रमांक. कर खात्याच्या साइटवर फुकट मिळतो, यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. पत्र पोस्टाने येतं, तेव्हा पुढच्या महिन्यात जिथे असाल तो पत्ता द्या. टीएफएन काढून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या साइट आहेत, टाळा.

दारू वाढायची असेल तर आरएसए प्रमाणपत्र लागतं आणि ते राज्याराज्याचं वेगळं. क्वीन्सलँडचं घेऊन सिडनीच्या पबमध्ये गेलात तर परत खर्च. बांधकामासाठी व्हाइट कार्ड (सुरक्षा-प्रशिक्षणाचं), ते सगळीकडे चालतं. बायोडेटा एक पानी, फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव नको. आपला तीन पानी बायोडेटा वाचतच नाहीत. कॅफेत दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर, स्वतः जाऊन द्यावा.

एका मालकाकडे सहा महिन्यांची मर्यादा आहे (अट ८५४७). हे सहा महिने रुजू झाल्याच्या तारखेपासून कॅलेंडरवर मोजतात. आठवड्यातून एक दिवस गेलात तरी घड्याळ चालूच. एजन्सीमार्फत असाल तर ज्याच्या जागेवर प्रत्यक्ष काम करता तो मालक धरतात, त्यामुळे एजन्सी बदलून उपयोग नाही. शेतीसारख्या काही कामांना सूट आहे.

गणपुले_हिशेबनीस

कर : वर्किंग हॉलिडेवाल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, ४५,००० डॉलरच्या कमाईपर्यंत. करमुक्त मर्यादा नाही. मालकाने कर खात्याकडे वर्किंग हॉलिडे मालक म्हणून नोंद केली नसेल तर तो ३० टक्के कापतो. पहिली पेस्लिप आली की टक्केवारी करून बघा. जास्त कापलेलं विवरण भरून परत मिळतं, पण वर्ष ३० जूनला संपेपर्यंत पैसे अडकले.

सुपर म्हणजे मालकाने वर भरायचा निवृत्ती निधी, १ जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के. देश सोडून व्हिसा संपल्यावर तो ऑनलाइन मागता येतो, पण वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या रकमेतून ६५ टक्के कर कापतात. शंभरातले पस्तीस हातात. चिडचिड होते, पण सोडून देऊ नका. प्रत्येक नव्या मालकाला पहिल्याच फंडाचा क्रमांक द्या, नाहीतर चार ठिकाणी चार खाती आणि प्रत्येकाची वेगळी फी.

आडवाट

एकट्या मुलींसाठी काही मुद्दे, मुलांनीही वाचावेत.

दुर्गम शेतावरची नोकरी फक्त मेसेजवर ठरवू नका. मालकाचं पूर्ण नाव, एबीएन, शेताचा पत्ता घ्या. एबीएनची सरकारी यादी उघडी आहे, नाव-गाव जुळतं का बघा. खोलीला आतून कडी आहे का, खोलीत आणखी कोण, जवळचं गाव किती किलोमीटर, परत यायला गाडी कुणाची, हे विचारायला लाजू नका. उत्तर टाळलं तर जाऊ नका. 'नोकरी हवी तर आमच्याच हॉस्टेलमध्ये दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ' हा ठरलेला नमुना आहे. काम सुरू होण्याची तारीख लेखी मागा. पासपोर्ट कुणालाही ठेवायला द्यायचा नाही, प्रत द्या.

परतीच्या बसभाड्याइतके आणि आठवडाभराच्या बेडचे, असे ६००-७०० डॉलर वेगळ्या खात्यात. त्याला हात लावायचा नाही. नको असलेल्या जागेवरून त्याच दिवशी निघता आलं पाहिजे.

सिम घेताना स्वस्त-महाग बघण्याआधी शेताच्या गावात कोणाचं नेटवर्क येतं ते बघा. आतल्या भागात टेलस्ट्राचं जाळं सगळ्यात लांब पोचतं. आपत्कालीन नंबर ०००.

आरोग्य विमा घ्याच. ऑस्ट्रेलियाचा भारताशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मिळत नाही. पॉलिसीत शेतकाम आणि अँब्युलन्स आहे का वाचा. साध्या ट्रॅव्हल विम्यात अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं.

मेतकूटभात

आईने लोणचं, मेतकूट, भाजणी आणि पेढे बांधून ठेवलेत. नेऊ का?

आडवाट

पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको, आपल्याकडचे दुधाचे पदार्थ आत सोडत नाहीत. ताजी फळं, कढीपत्ता, बी-बियाणं नाही. बाकीचं बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून, आणि विमानातल्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' याला 'हो'. सांगितलं आणि त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही. लपवलं आणि सापडलं तर दंड हजारो डॉलरमध्ये जाऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो.

प्रश्नार्थक

मैत्रिणीने एजंटला नाही म्हटलं, आभार. तिचा प्रश्न : नंबर नाही लागला तर दुसरा देश?

पाठपिशवी

ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे. वय १८ ते ३०, वर्षाला ३,००० जागा, चिठ्ठीची नोंदणी फुकट, पण दोनतीन दिवसच खुली असते. पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस हवेत. राहता येतं दोन वर्षं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आणि तो दोन वर्षांचा आधीच भरायचा, त्यामुळे सुरुवातीचा खर्च ऑस्ट्रेलियापेक्षा बराच जास्त. दोन्हीकडे नोंदणी करायला काही आडकाठी नाही.

मेतकूटभात

शेवटचा. व्हिसा मिळाल्यापासून वर्षभरात कधीही शिरता येतं ना? मग कोणत्या महिन्यात उतरावं?

खुरपं

हो, बारा महिन्यांत कधीही. शेतीचे तीन महिने आधी उरकायचे असतील तर हंगाम बघून ठरवा. डार्विन-कॅथरीनकडे आंबा सप्टेंबर ते नोव्हेंबर, पण उकाडा भयंकर. टास्मानियात चेरी डिसेंबर ते फेब्रुवारी, मागोमाग ह्युऑन खोऱ्यात सफरचंद मार्चपासून, तिथे सलग काम जुळवता येतं. मिल्ड्युरात द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिल, नाशिक-सांगलीच्या पोरांना कात्री धरायला शिकवावं लागणार नाही. टली-इनिसफेलला केळी बारा महिने, काम सगळ्यात जड, पाऊसही तिथेच सगळ्यात जास्त. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, रस्ते बंद होतात, तेव्हा तिकडे हॉटेलची कामंही आटतात. केर्न्स, ब्रूमला पर्यटनाची नोकरी हवी तर एप्रिल-मेमध्ये पोचा, भरती तेव्हाच चालू असते.